फौजदारी आणि संगणक: पहिल्या सेमिस्टरला नेमकं शिकवतात काय?

जून उजाडला की अमळनेरला स्टँडजवळच्या ऑनलाईन सेंटरवर पाय ठेवायला जागा नसते. बारावीची मार्कशीट प्लॅस्टिकच्या पिशवीत, आधार कार्ड खिशात, आणि ज्या फोनवर ओटीपी येणार तो नेमका घरी राहिलेला. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना संगणक शिकवतो, त्यामुळे सेंटरवाला मित्र अडला की मला हाक मारतो. यंदा एका शेतकरी बापाने स्क्रीनकडे बोट करून विचारलं, “सर, हाई काय शे?” पोराने मुख्य विषय कॉम्प्युटर सायन्स घेतला होता आणि खालच्या यादीत ‘फौजदारी न्यायव्यवस्थेची ओळख’ असा एक विषय दिसत होता. बापाचा हिशोब सरळ होता. “फौजदारी म्हणजे आपल्याकडे एक तर जेवणातली फौजदारी डाळ, नाहीतर कोर्टाची पायरी. संगणकवाल्या पोराचा दोन्हीशी काय संबंध?”

मागे रांग होती, मी दोन वाक्यांत वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र वाटलं, प्रश्न वाजवी होता आणि उत्तर अर्धवट. राहिलेलं इथे लिहितो.

मेजर, मायनर आणि शेजारची वाटी

आधी फॉर्मचं बोलू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालचं. आपल्याकडच्या विद्यापीठांना संलग्न असलेल्या कॉलेजांत पदवीच्या पहिल्या वर्षाला ते २०२४-२५ पासून आलं. त्यात मेजर म्हणजे ताटातली भाकरी, मायनर म्हणजे सोबतची भाजी, आणि ओपन इलेक्टिव्ह म्हणजे शेजारच्या घरून आलेली वाटी. ही वाटी दुसऱ्याच शाखेतली असावी असा नियम आहे. म्हणून सायन्सच्या मुलाच्या यादीत समाजशास्त्राचे, कायद्याच्या ओळखीचे विषय येतात.

क्रेडिट हा अभ्यास मोजायचा काटा. साधारण १५ तास वर्गातलं शिकवणं म्हणजे एक क्रेडिट, आणि तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० लागतात. कुठल्या कॉलेजात कोणती वाटी मिळते ते शिक्षक किती आहेत त्यावर ठरतं. यादीत नाव दिसलं तरी तो विषय यंदा खरंच शिकवणार का, हे ऑफिसात विचारून घ्या. एवढं फॉर्मचं पुरे.

फौजदारी शिकला की वकील होतो का?

नाही. वकिलीच्या पदवीला कलमं, निवाडे आणि युक्तिवाद शिकवतात. फौजदारी न्यायाच्या पहिल्या कोर्समध्ये वाट शिकवतात. गुन्हा घडल्यापासून माणूस सुटेपर्यंत किंवा तुरुंगात जाईपर्यंत पोलीस, कोर्ट आणि तुरुंग ही तीन खाती एकमेकांकडे काय सोपवतात आणि कुठे अडतात, हा त्याचा विषय. भारतात हे शिक्षण नवं नाही, मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठात गुन्हेशास्त्राचा विभाग १९५९ पासून आहे.

सुरुवात दिवाणी आणि फौजदारी यांच्या फरकापासून होते. शेजाऱ्याने बांध कोरला, मोजणी आली, वाद वाढला. हे सहसा दिवाणी. त्याच भांडणात कोणी काठीने डोकं फोडलं की फौजदारी. दिवाणीत कागदावर ‘तुम्ही विरुद्ध शेजारी’ असतं. फौजदारीत ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असतं. डोकं तुमचं फुटलं तरी लढतं सरकार, कारण गुन्हा हा सगळ्या समाजाविरुद्ध धरला जातो. माझे मेहुणे तालुका कोर्टात वकिली करतात. त्यांचं म्हणणं, निम्म्या फिर्यादींना हे शेवटपर्यंत पटत नाही. ‘माझी केस, आणि मलाच कोणी विचारत नाही’ हे त्यांना रोज ऐकावं लागतं.

मग वाट. समजा चोपड्याकडच्या एका शिवारात विहिरीवरची तांब्याची केबल रात्रीतून कापून नेली. शेतकरी ठाण्यात फिर्याद देतो, तिची नोंद म्हणजे एफआयआर. पोलीस जागेवर जाऊन पंचनामा करतात. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, आणि तिच्याप्रमाणे झडती-जप्तीचं मोबाईलवर का होईना, चित्रण करावं लागतं. संशयित सापडला, अटक झाली, तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. आरोपी कोठडीत असताना गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही, तर जामीन हा त्याचा हक्क होतो. पुढे खटला, साक्षी, उलटतपासणी. गुन्हा ‘वाजवी शंकेपलीकडे’ सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. आरोपीने आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करत बसायचं नसतं.

मुलं हमखास इथे अडतात. ‘पोलिसांनी धरला म्हणजे चोरच’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलेलो. पण २०२२ अखेरीस देशातल्या तुरुंगांतल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक हर्बर्ट पॅकर यांनी १९६४ मध्ये या व्यवस्थेकडे पाहण्याच्या दोन नजरा मांडल्या. एकीला वेग हवा असतो, जिनिंगमधल्या पट्ट्यावरून कापूस सरकावा तशा केसेस सरकल्या पाहिजेत. दुसरीला वाटेत अडसर हवे असतात, म्हणजे निर्दोष माणूस चुकून पुढे ढकलला जाणार नाही. केबल आपली गेली की आपण पहिल्या बाजूचे असतो. नाव आपल्या पोराचं आलं की लगेच दुसऱ्या बाजूचे.

याचा घरगुती उपयोगही सांगतो. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींना व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी, मागे ठाण्याचा देखावा, ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही’. गुरुजी दुपारभर खुर्चीवरून उठले नाहीत, चहा तसाच गार झाला. शेवटी कॉलेजात जाणाऱ्या नातीने फोन हातातून ओढून बंद केला. तिने एकच विचारलं, “आजोबा, अटक झालीय ना, मग चोवीस तासांत कोणत्या कोर्टात नेणार आहेत तुम्हाला?” व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद कायद्यात कुठेच नाही. (असा फोन आला आणि पैसे गेले असतील तर वाट न पाहता १९३० वर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मधेच रोखली जाण्याची शक्यता जास्त.)

एमएस-सीआयटी झालंय, मग कॉम्प्युटर सायन्समध्ये वेगळं काय?

हा प्रश्न मला दरवर्षी येतो. शेतातल्या मोटरचं बघा. स्टार्टर दाबून पाणी सोडणं घरातल्या सगळ्यांना येतं. मोटर जळाली की मात्र ती भरायला टाकावी लागते आणि भरणारा माणूस वेगळा असतो. २००१ पासून आपल्याकडे घरोघरी पोचलेलं एमएस-सीआयटी हे स्टार्टर दाबण्याचं शिक्षण आहे, आणि ते उपयोगाचंच आहे. कॉम्प्युटर सायन्स म्हणजे मोटर भरणं.

पहिल्याच आठवड्यात सांगतात की संगणकाला फक्त दोन गोष्टी कळतात, आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. मुलांना हे परकं वाटतं. मी वर्गात आजोबांच्या दुकानातली जुनी वजनं घेऊन जातो. छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर. नवटाक म्हणजे दोन छटाक, पावशेर म्हणजे चार, अच्छेर म्हणजे आठ. प्रत्येक वजन आधीच्या दुप्पट. या चारांपैकी प्रत्येकी एकच वजन असलं तरी एक ते पंधरा छटाकांपर्यंत काहीही तोलता येतं. अकरा छटाक गूळ हवा? अच्छेर ठेवा, पावशेर नको, नवटाक ठेवा, छटाक ठेवा. आठ, दोन आणि एक मिळून अकरा. ‘ठेवा’ला एक आणि ‘नको’ला शून्य लिहिलं की झालं १०११. संगणकाच्या पोटात अकरा हा आकडा अगदी असाच बसतो. पणजोबा दुकानात द्विमान पद्धत वापरत होते, नाव माहीत नव्हतं एवढंच.

दुसरी मोठी गोष्ट अल्गोरिदम. शब्द भारदस्त आहे, अर्थ साधा: काम करण्याच्या पायऱ्या, इतक्या स्पष्ट की त्या पाळणाऱ्याला डोकं वापरावं लागू नये. पतसंस्थेत हजार खातेदारांची यादी क्रमांकाने लावलेली आहे आणि तुम्हाला ७३८ नंबर हवा आहे. एकापासून बघत गेलात तर ७३८ नोंदी बघाव्या लागतील. त्याऐवजी मध्यावर उघडा. ५०० दिसला, म्हणजे अलीकडची अर्धी यादी बाद. उरलेल्याचा मध्य उघडा, पुन्हा अर्धी बाद. हजारांत जास्तीत जास्त दहा वेळा उघडून काम होतं. खातेदार दहा लाख झाले तर किती? मुलं दहा हजार, पन्नास हजार असे अंदाज सांगतात. उत्तर वीस. त्या ‘वीस’ला वर्गात जी शांतता होते तिच्यासाठी मी ही नोकरी करतो म्हणा ना. अट एकच, यादी क्रमाने लावलेली हवी. विस्कटलेल्या यादीवर ही युक्ती चालवली तर संगणक तितक्याच वेगाने चुकीचं उत्तर देईल आणि त्याला त्याचं काही वाटणार नाही.

बाकी पहिल्या सेमिस्टरला सी किंवा पायथनसारख्या भाषेत छोटे प्रोग्रॅम लिहिणं, थोडं तर्कशास्त्र आणि संगणकाची रचना असते. आपल्या देशात हे शिक्षण आयआयटी कानपूरमध्ये १९६३ साली आयबीएम १६२० हे यंत्र आलं तेव्हापासून रुळायला लागलं. तेव्हा अख्ख्या संस्थेला एक यंत्र होतं.

दोन्ही वर्गांच्या फळ्यावर एकच चित्र

आता या दोन विषयांचं गोत्र जुळतं कुठे ते बघू. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नेमलेल्या गुन्हेगारीविषयक आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला. त्यात एक आकृती होती. डावीकडे घडलेले गुन्हे, तिथून रेषा पोलिसांकडे, तिथून सरकारी वकील, कोर्ट, तुरुंग, आणि प्रत्येक टप्प्यावर बाहेर पडणारे फाटे. डावीकडे जाड असलेली रेघ उजवीकडे जाता जाता नरसाळ्यासारखी निमुळती होते. फौजदारी न्यायाच्या पहिल्या कोर्समध्ये ही आकृती आजही भेटते. आयोगाच्या विज्ञान-तंत्रज्ञान गटाचे प्रमुख होते आल्फ्रेड ब्लमस्टीन, आणि त्यांचं शिक्षण वकिलीचं नव्हतंच. ते ऑपरेशन्स रिसर्चवाले, म्हणजे एखाद्या यंत्रणेतून माल कसा वाहतो आणि कुठे तुंबतो ते गणिताने मोजणारे. पोलीस, कोर्ट आणि तुरुंग हे सगळं मिळून एक यंत्रणा आहे, असं बघायची सवय त्या चित्राने लावली. आमच्या प्रॅक्टिकलच्या वहीत मुलं फ्लोचार्ट काढतात तो याच जातीचा.

कायदा तर कित्येकदा प्रोग्रॅमसारखाच लिहिलेला असतो. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं चोरीचं कलम ३०३ घ्या. त्यात एक नवी तरतूद आली आहे. मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आणि माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल, आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. ‘जर’, ‘आणि’, ‘आणि’, ‘तर’. पायथन शिकणाऱ्याला हे वाक्य तिसऱ्या आठवड्यात लिहिता येतं.

मी ते प्रॅक्टिकलला देतोच. दरवर्षी निम्मा वर्ग ‘पाच हजार किंवा कमी’ असं लिहितो. ४,९९९ रुपये टाकून बघतात, उत्तर बरोबर येतं, वही बंद. मी बाकावर जाऊन बरोबर ५,००० टाकतो. प्रोग्रॅम म्हणतो समाजसेवा, कायदा म्हणतो नाही, कारण कायद्यात ‘पेक्षा कमी’ आहे. एका चिन्हाची चूक. वहीत एक मार्क जातो, खऱ्या यंत्रणेत एखाद्याची शिक्षाच बदलू शकते.

पण ही तुलना किती ताणायची त्यालाही सीमा आहे. एका मुलीने विचारलं, “सर, केबलची किंमत कोणती धरायची? नवीन घेताना लागते ती, की भंगारवाला देतो ती?” प्रोग्रॅमला आकडा हवा असतो, तो कुठून आला याच्याशी त्याला घेणं नसतं. कोर्टात वाद नेमका तिथेच होतो. हा प्रश्न तिला सुचला, तो दोन्ही वर्गांत बसल्यामुळे. निव्वळ माझ्या वर्गात बसली असती तर ४,९९९ टाकून उठून गेली असती.

मोबाईलमधला पुरावा सील कसा करतात?

पूर्वी मुद्देमाल म्हणजे कोयता, रक्ताचा शर्ट, कापलेली केबल. कापडात बांधायचा, लाखेचं सील, पंचांच्या सह्या. सील तुटलेलं दिसलं की वकील त्यावरच केस फिरवतो. आता पुरावा म्हणजे मोबाईलमधला व्हिडिओ, व्हॉट्सअॅपचे मेसेज, चौकातल्या सीसीटीव्हीची फाईल. फाईलवर लाख कशी लावणार?

तिथे हॅश येतो. हॅश म्हणजे फाईलमधल्या प्रत्येक अक्षरावर, प्रत्येक ठिपक्यावर गणित करून काढलेली छोटी खूण. शहादा-दोंडाईचा रस्त्यावर मक्याचा ट्रक निघताना काट्यावर वजन होतं, पोचल्यावर पुन्हा होतं. दोन पावत्या जुळल्या की माल शाबूत. हॅश ही तशी पावती, पण काट्यापेक्षा कितीतरी चोख. काट्याला फसवता येतं, दोन पोती काढून तेवढ्याच वजनाचे दगड टाकले की झालं. ‘शा-२५६’ नावाच्या हॅशला असं फसवायची रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. फाईल एका ओळीची असो की दोन तासांच्या व्हिडिओची, खूण ६४ अक्षरांचीच निघते. प्रॅक्टिकलला मुलं एका फाईलमध्ये ‘केळी ५०० घड’ असं लिहून हॅश काढतात, मग ५०० चं ५०१ करतात. वाटतं, एखाद-दुसरं अक्षर बदलेल. अख्खी ओळ बदललेली असते, आधीच्या खुणेशी काही नातंच उरत नाही.

हे कोर्टात नेताना प्रमाणपत्र लागतं. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम ६५-ब मध्ये होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल तर नकलेसोबत हे प्रमाणपत्र हवंच, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सांगितलं. ते प्रकरण आपल्या शेजारच्या जालन्यातल्या निवडणुकीचं. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, यावरून निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा वाद झाला होता.

नव्या अधिनियमाला जोडलेल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश लिहायची जागाच दिली आहे. एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. पर्यायांत शा-१, शा-२५६ आणि एमडी-५ अशी नावं आहेत. यातल्या एमडी-५ मध्ये दोन वेगळ्या फायलींना एकच खूण पाडता येते हे २००४ मध्ये दाखवलं गेलं, शा-१ चं तेच २०१७ मध्ये. याचा अर्थ असा नाही की एमडी-५ लिहिलेला प्रत्येक पुरावा खोटा. हातात असलेल्या फाईलशी जुळणारी दुसरी बनावट फाईल घडवणं अजूनही फार अवघड आहे. पण निवड असताना कमकुवत कुलूप का लावायचं? कायद्याच्या फॉर्ममधली ही बारीक गोष्ट कायद्याच्या पुस्तकातून कळत नाही, ती संगणकाच्या वर्गात कळते. आणि प्रमाणपत्र नसेल तर उत्तम हॅशही फायलीत पडून राहतो, हे संगणकाच्या वर्गात कोणी सांगत नाही.

“संगणक खोटं कशाला बोलेल?”

सोसायटीच्या खिडकीवर हे वाक्य सगळ्यांनी ऐकलंय. ‘कॉम्प्युटरमध्ये असंच दिसतंय, आम्ही काय करणार.’ ब्रिटनमध्ये या एका वाक्याने शेकडो घरं उद्ध्वस्त केली.

तिथल्या गावोगावच्या छोट्या पोस्ट शाखा चालवणाऱ्यांना १९९९ पासून हिशोबासाठी ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली दिली गेली. संध्याकाळी हिशोब लावताना स्क्रीनवर तूट दिसायची, गल्ल्यात मात्र काही गडबड नसायची. करारानुसार तूट चालकाने भरायची. लोकांनी साठवणीतले पैसे घातले, घरं गहाण टाकली. जे भरू शकले नाहीत त्यांच्यावर चोरीचे, खोट्या हिशोबाचे खटले झाले. २०१५ पर्यंत ९०० पेक्षा जास्त लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. प्रणालीत दोष होते हे लंडनच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केलं, आणि २०२४ मध्ये संसदेने खास कायदा करून त्या शिक्षा सरसकट रद्द केल्या.

इतकी वर्षं हे चाललं कसं? एक कारण कायद्यातच होतं. विरुद्ध काही समोर आलं नाही तर संगणक नीट चालत होता असं धरून चालायचं, अशी तिथल्या कोर्टांची रीत होती. म्हणजे यंत्रात बिघाड आहे हे आरोपीने दाखवायचं, आणि यंत्राच्या आतल्या नोंदी आरोपीच्या हातात नाहीत. कोर्टात बसलेल्यांना मोटर उघडून बघता येत नव्हती, आणि ज्यांना येत होती त्यांना साक्षीचं वजन माहीत नव्हतं. शिवाय बहुतेक खटले पोस्टाच्या कंपनीनेच चालवले. तक्रार तिची, तपास तिचा, खटलाही तिचा. फौजदारीच्या पहिल्या कोर्समध्ये पोलीस, सरकारी वकील आणि न्यायाधीश वेगवेगळे का ठेवलेत हा एक रटाळ वाटणारा धडा असतो. होरायझन सांगितल्यावर तो रटाळ राहत नाही.

आपल्याकडे हे दूरचं मानू नका. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम करायला नागपुरात ‘मार्व्हल’ नावाची कंपनी उभी केली. उद्या यंत्र म्हणेल, सीसीटीव्हीतला चेहरा याच माणसाचा. तेव्हा ‘किती खात्रीने, आणि चुकलं तर कोणाच्या लक्षात येईल?’ हे विचारणारा कोणीतरी ठाण्यातही हवा आणि कोर्टातही.

कोड तर आता एआयच लिहून देतं, मग शिकायचं कशाला?

देतं खरं. पाच हजारांचा तो प्रोग्रॅम एआय दोन सेकंदांत लिहील. पण ‘पेक्षा कमी’ आणि ‘किंवा कमी’ यातला फरक तुम्हालाच माहीत नसेल तर त्याने बरोबर लिहिलं की चूक हे ठरवणार कोण? कॅल्क्युलेटर आला तरी बाजार समितीत पावती बघून ‘हा आकडा काही बरोबर वाटत नाही’ म्हणणाऱ्याला पाढे येत असतातच. कोर्टात याच्याही पुढची अडचण आहे, एआयला साक्षीला उभं करून त्याची उलटतपासणी घेता येत नाही.

नोकरीचं काय?

उगाच आशा दाखवणार नाही. दोन सेमिस्टरच्या ओळखीवर कोणी सायबर तज्ज्ञ होत नाही, आणि तसं सांगून फी घेणारे क्लास जळगावातही आहेत आणि धुळ्यातही. पोलीस शिपाई भरतीला बारावी लागते. तिथे आधी मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, नंतर लेखी. पहाटे मैदानावर दिसणारी आमची मुलं त्याचीच तयारी करतात. फौजदार व्हायचं तर एमपीएससी, त्याला कुठलीही पदवी चालते. म्हणजे हा विषय घेतला म्हणून भरतीत वेगळे गुण नाहीत.

फरक पडतो तो नंतर. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, असं नवा कायदा सांगतो. राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांची मुदत दिली आहे. चित्रण, हॅश, प्रमाणपत्रं, सगळ्याला माणसं लागणार. पुढे शिकायचं असेल तर गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ नवापूरच्या पोराला मुंबईपेक्षा फार लांब नाही. कॉलेजात विषय नसेल तर ‘स्वयम’ या सरकारी पोर्टलवरचे कोर्स बघा. विद्यापीठ मान्य करत असेल तर तिथले क्रेडिट पदवीत धरले जातात.

मराठी माध्यमाच्या मुलाला झेपेल?

पायथनमध्ये राखीव इंग्रजी शब्द आहेत अवघे ३५. त्याहून जास्त इंग्रजी शब्द आपण मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये रोज बोलतो. फौजदारीत तर मराठीवाल्याचं पारडं जड आहे. फिर्याद, पंचनामा, मुद्देमाल, दखलपात्र, जबाब हे शब्द त्याने घरी ऐकलेले असतात, इंग्रजी माध्यमवाल्याला पाठ करावे लागतात. पुस्तकं इंग्रजीत असतात ही अडचण खरी आहे, आणि पहिले दोन महिने ती टोचते.

त्या दिवशी पोराने विषय घेतला. बापाने पावतीची प्रिंट घडी करून खिशात घातली, चेहऱ्यावर समाधान काही दिसलं नाही. ऑगस्टमध्ये बाजारात भेटले तेव्हा त्यांनी स्वतःच थांबवलं. पोराला गृहपाठ होता, तालुक्याच्या कोर्टात एक सकाळ बसून दिसेल ते लिहून आणायचं. खटले खुल्या कोर्टात चालतात, कोणीही मागच्या बाकावर बसू शकतं, हे पोरालाही माहीत नव्हतं आणि बापालाही. एकटा कसा पाठवायचा म्हणून तेही गेले.

“कोर्टाची पायरी चढनू सर,” ते म्हणाले. “पन बघाले.” मग आवाज खाली आणून विचारलं, “ते दर येळेला महाराष्ट्र शासन इरुद्ध, महाराष्ट्र शासन इरुद्ध करी राह्यनात, ते काय शे?”